बस्तीच्या चढावरचा ब्रेक

“ताई, बटन दाबायचं नाही. नुसता दांडा वर ओढायचा आणि टकटक मोजायची. मोठ्यानं मोजा, मला खाली ऐकू आलं पाहिजे.”

दिलावर मिस्त्रींचा आवाज गाडीखालून येत होता. उघड्या दारातून मागे वाकून पाहिलं की त्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. मी पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते, आयुष्यात पहिल्यांदाच. दोन सीटांच्या मधला तो काळा दांडा मी दोन्ही हातांनी धरला आणि ओढू लागले.

“एक, दोन, तीन…”

जप मोजायची सवय असलेल्या बाईला मोजणं अवघड नाही. पण इतक्या मोठ्यानं मी कधी काही मोजलं नव्हतं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या काकूंनी मान वर करून पाहिलं.

“…बारा, तेरा, चौदा. मिस्त्री, चौदा झाल्या. दांडा आता उभाच राहिला.”

खालून हसण्याचा आवाज आला. “चौदा! ताई, हा हँडब्रेक नाही, हापश्याचा दांडा झालाय. तालुक्यातल्या निम्म्या इंजिनांना भूपालमामांचा हात लागलाय, आणि त्यांच्याच गाडीचा ब्रेक चौदावर?”

“तेच तर. त्यांना वेळ होत नाही.”

“वेळ? दहा मिनिटांचं काम आहे.”

त्यांनी मागची बाजू जॅकवर चढवली होती, पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या. गाडीखाली तारेच्या टोकाला एक नट असतो, तो फिरवला की तार ताणली जाते, आणि त्याच्या पाठीला दुसरा नट घट्ट बसवायचा, म्हणजे पहिला जागचा हलत नाही. त्या दुसऱ्याला ते चेकनट म्हणायचे. थोडं आवळलं की ते मला दांडा ओढायला लावत. अकरा. मग आठ. मग सहा.

“अजून आवळा की,” मी म्हटलं. “एकदाच पक्कं होऊ दे.”

“नको ताई. फार आवळला तर दांडा खाली असतानाही चाक घासतं. तापतं, आतलं जळून जातं. सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि पाचव्या टकटकीला जागीच थांबलं पाहिजे. ओढा.”

पाच झाल्या आणि सहाव्याला दांडा हलेना. मिस्त्रींनी बाहेर येऊन मागच्या चाकाला जोर लावून पाहिला. चाक ढिम्म.

“झालं. मामा कुठं आहेत?”

“कोल्हापूरला. डोळे तपासायला गेलेत. मिस्त्री, त्यांना एवढ्यात सांगू नका हं.”

“लोक गाडी चोरून नेतात,” हात पुसत ते म्हणाले. “चोरून ब्रेक दुरुस्त करणारी सून पहिल्यांदाच बघतोय.”

त्याला आता अडतीस वर्षं झाली. भाद्रपदातली दशमी होती. आमच्या जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि अनंत चतुर्दशीला चारच दिवस उरले होते.

माझं लग्न होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. भूपालमामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. माझे यजमान धनपाल पुण्याच्या बाजूला एका कॉलेजात शिकवत, महिन्यातून एखाद्या रविवारी येत. घरात आम्ही तिघंच. मामांनी आयुष्यभर ट्रक चालवले, मग ऑइल इंजिनं दुरुस्त केली, आणि साठी जवळ आली तेव्हा कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसत असलेली एक जुनी पांढरी गाडी विकत घेऊन स्वतःच्या हातांनी चालती केली. ती गाडी घेतली आत्तींच्या गुडघ्यांसाठी.

आत्तींना रोज सकाळी बस्तीत जायचं असे. जैन मंदिराला आमच्या भागात बस्ती म्हणतात. गावची बस्ती टेकडीवर. पूर्वी आत्ती ते अंतर चालत चढायच्या. गुडघे गेले तशी गाडी आली. मीही लग्नाआधी माताजींकडून, म्हणजे आमच्या साध्वींकडून, तीन नियम घेतले होते. दर्शन झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही, सूर्य मावळल्यावर खायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही. पहिले दोन पाळणं अंगवळणी पडलं होतं. तिसऱ्याची परीक्षा अजून व्हायची होती.

तर आम्ही तिघं रोज सकाळी निघायचो. आत्ती पुढे, मांडीवर तांदूळ-बदामांची डबी. मी मागे. गाडीत रॉकेलचा आणि जाईच्या फुलांचा मिळून एक वास असायचा. तो वास मला आजही कधीतरी एकदम येतो आणि कुठून आला ते कळत नाही. टेकडीवर गाडी जिथवर जाते तिथला शेवटचा तुकडा भलता चढा आहे, सपाट अशी जागाच नाही. मामा तिथे गाडी उभी करायचे, दांडा वर ओढायचे, आणि गाडी मागे सरकायला लागायची. की मामांचा पाय ब्रेकवर.

“बघा,” ते म्हणायचे. “धरत नाही. तुम्ही व्हा पुढं.”

आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत अर्धा तास ते पाय ब्रेकवर दाबून बसून असत. रोज.

धनपाल एकदा म्हणाले होते, “आप्पा, गिअरमध्ये टाकून ठेवा की.”

“इंजिनात जीव नाही तेवढा.”

“मग चाकामागं दगड लावा.”

“दगडाच्या भरवशावर गाडी सोडून जाणारा ड्रायव्हर नव्हे मी. खाली शाळा आहे.”

“मग ब्रेक दुरुस्त करा!”

“करायचाय,” मामा म्हणायचे, आणि विषय संपायचा.

आत्ती बस्तीत भेटणाऱ्या बायकांना तेच सांगायच्या. “ह्यांना फार वाटतं हो यावं म्हणून. पण गाडी धरत नाही.” आणि बायकाही म्हणायच्या, “बघा बाई. बाहेर बसून तुम्हाला दर्शन घडवतात, त्यांचंच पुण्य मोठं.” मग आत्तींचा चेहरा जरा फुलायचा.

त्या वर्षी आत्तींचं अनंताचं व्रत पुरं होत होतं. चौदा वर्षांचं व्रत. चतुर्दशीला त्याचं उद्यापन, आणि उद्यापनाला नवराबायकोनं जोडीनं अभिषेकाला बसायचं असतं. नवमीच्या दुपारी वाती वळताना आत्ती एवढंच बोलल्या, “तेवढा एक ब्रेक नीट असता तर काळजी नव्हती गं मला. सगळा समाज असणार. मी एकटीच बसलेली कशी दिसेन?”

मी त्याच वेळी मनाशी ठरवलं होतं. आत्तींना सांगायचं नाही, मामांना सांगायचं नाही. ब्रेक दुरुस्त होईल, चढावर गाडी थांबेल, आणि दोघं जोडीनं पायऱ्या चढतील. मला त्या विचारानंच इतकं बरं वाटत होतं की दशमीच्या दिवशी जपात दोनदा मणी चुकले.

एकादशीची सकाळ. झिमझिम पाऊस पडून गेला होता. चढावर मामांनी गाडी उभी केली, दांडा ओढला. टक, टक, टक, टक, टक. आणि दांडा थांबला. मामांचा हात तसाच राहिला. त्यांनी सवयीनं पाय ब्रेकवर ठेवला होता, तो हळूहळू उचलला. गाडी जागची हलली नाही.

“अहो,” आत्ती म्हणाल्या. “धरला की!”

मामा अजून दांड्याकडेच बघत होते.

“धरला! त्रिशला, बघितलंस का? आपोआप धरला. देवानंच धरला गं.” आत्तींनी दार उघडलं, गुडघ्यावर हात टेकत उतरल्या आणि गाडीला वळसा घालून मामांच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. नव्या नवरीसारखा. “चला.”

“तुम्ही व्हा पुढं,” मामा म्हणाले. “मी काचा बंद करतो.”

“करा की. थांबते मी.”

“पुढं व्हा म्हटलं ना. आलोच.”

आम्ही पायऱ्या चढलो. दारात आत्तींनी, आत शिरताना म्हणतात तसं, तीनदा “निसही” म्हटलं, आणि मग मागे वळून पाहिलं. आत तांदळाचे पुंज मांडताना पाहिलं. प्रदक्षिणा घालताना प्रत्येक वेळी दार आलं की पाहिलं. शेवटी अभिषेकाचं गंधोदक कपाळाला लावलं आणि थोडं तळहातावर तसंच धरून ठेवलं. ते कुणासाठी ते मला कळत होतं. बोटांच्या फटीतून सगळं गळून गेलं.

खाली आलो तर मामा गाडीतच होते. दांडा वर ओढलेला, गाडी घट्ट उभी. आणि तरीही त्यांचा पाय ब्रेकवर दाबलेला होता.

“भरवसा नाही,” ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर आत्तींनी फराळाचं ताट पुढे घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, “ब्रेक सैल होता तेच बरं होतं गं.”

मी त्यांच्यासमोर बसले.

“आधी म्हणायचे कामावरनं यायला उशीर होतो. मग म्हणायचे चढ झेपत नाही. मग गाडी आली, तर गाडी धरत नाही. मी प्रत्येक वेळी खरं मानलं. मानायला बरं वाटायचं. आज गाडीनं धरलं. आता मी काय मानू?” त्यांनी ताट बाजूला सारलं. “माझ्याबरोबर येण्यातच काही असेल. जाऊ दे. तू खा.”

मी केवढं मोठं काम केलं म्हणून कालपासून मिरवत होते, मनातल्या मनात का होईना. माझ्या लक्षात आलं की मी ब्रेक दुरुस्त केला नव्हता, आत्तींच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली होती. त्यांचा सगळा मान त्या चौदा टकटकींवर उभा होता.

दिवसभर त्या मामांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडण असतं तर मला भीती वाटली नसती.

द्वादशीला मी नेहमीप्रमाणे उजाडता उजाडता पाणी गाळायला उठले. अंगणातून पान्याचा आवाज आला. बारीक, सांभाळून केलेला. कळशी तशीच ठेवून मी पुढे आले. गाडीखालून मामांचे पाय बाहेर आले होते.

“मामा?”

पाना थांबला.

“कोण, त्रिशला? हा दिलावर म्हणजे गाढव आहे. चेकनट असा आवळतात का?”

“माझ्यासमोर आवळला त्यांनी. मीच बोलावलं होतं.”

“माहीत आहे. आपल्या गाडीचा ब्रेक रात्रीतून आपोआप बरा होत नाही, पोरी. देवानं धरला म्हणे.” ते जरासं हसले. मग म्हणाले, “तुझ्या आत्तीला सांगितलंस का, तू करून घेतलास म्हणून?”

“नाही.”

“आणि तुझा तो खोटं न बोलायचा नियम? तो दशमीला झोपला होता?”

त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं, पण मला लागलं. मी खाली मातीत बसले, म्हणजे त्यांचं तोंड दिसावं. गालाला ग्रीस लागलं होतं. हातात पाना आणि पान्यात नट.

“तुम्ही सैल करताय?”

“हो.”

“का?”

“तिच्यासाठी. रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोप नव्हती. आज वर गेलो की गाडी धरणार नाही. मी म्हणेन, बघ, काल कसाबसा धरला, आज परत गेला. ती बायकांना सांगेल. चतुर्दशीलाही सांगेल. सगळं होतं तसं होईल.”

“मामा, तुम्ही देव मानत नाही का?”

“मानत नसतो तर कधीच आलो असतो,” ते म्हणाले. “न मानणाऱ्याला काय, चार भिंती आणि एक घंटा. बायकोबरोबर जायचं, हात जोडायचे, पेढा खाऊन यायचं.”

पाना त्यांनी छातीवर ठेवला. गाडीच्या पोटाकडे बघत बोलत राहिले. माझ्याकडे बघितलं असतं तर बहुतेक बोलले नसते.

“बासष्ट साल. गुळाच्या पेढीवर ट्रकला होतो. आम्ही दोघं ड्रायव्हर, मी आणि इराप्पा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला स्टेअरिंग धरायला त्यानंच शिकवलेलं. एक दिवस वखारीच्या उतारावर भरलेला ट्रक मी लावला. चहा प्यायला उतरलो. ब्रेक ओढला, पण पुरता ओढला नाही. उतरतानाच मला कळलं होतं की एक टक कमी पडली. म्हटलं, दोन मिनिटांत तर येतोय.”

रस्त्यानं दुधाच्या कॅनची सायकल खडखडत गेली.

“खाली एक बैलगाडी सोडून ठेवलेली होती. बैल चाकाला बांधलेला. त्याला पळताही आलं नाही. दुपारपर्यंत जिवंत होता. मी बघितलंय त्याच्याकडं. त्यानंही बघितलंय.”

माझ्या तोंडून णमोकार मंत्र आपोआप निघाला. मामा थांबले, माझं म्हणून होईपर्यंत.

“शेठ आपल्यातलेच. त्यांनी विचारलं, शेवटी गाडीत कोण होतं? आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेठ म्हणाले, पोलीस नकोत, कचेरी नको. भूपाल, बस्तीत चल, देवापुढं हात ठेवून सांग, तू सांगशील ते खरं. इराप्पाला विचारलंच नाही. तो आपल्यातला नव्हता, त्याच्या शपथेला त्यांच्या लेखी वजन नव्हतं. तो खाली पायरीवर उभा. मी आत गेलो. धनपाल तेव्हा तीन महिन्यांचा होता. वेदीवर हात ठेवला आणि म्हटलं, मी ब्रेक ओढला होता. माझ्यानंतर इराप्पा चढला होता गाडीत.”

“आणि इराप्पा?”

“मी बाहेर आलो तर त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. वेदीवर ठेवला होता त्या. मग गेला. परत कुठल्या पेढीनं त्याला ट्रक दिला नाही. बैल मारलेला ड्रायव्हर म्हणून.”

आत आत्तींच्या खोकण्याचा आवाज झाला. नंतर मामा अगदी हळू म्हणाले, “आता तूच सांग, त्या उंबऱ्याच्या आत मी कुठल्या पायानं जाऊ? आणि तिच्या चौदा वर्षांच्या व्रताला शेजारी बसून हात लावू? बाहेर पाय दाबून बसतो तेच बरं वाटतं मला. गाडी माझ्या पायाखाली आहे, हे तरी कळतं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी पदरानं पुसलं आणि विचारलं, “इराप्पा आहेत?”

“आहे. नदीपलीकडं, माळवाडीला. मळ्याची राखण करतो कुणाच्या तरी.”

“लांब आहे?”

“नावेनं पलीकडं गेलं की कोसभर.”

“चोवीस वर्षांत कधी गेला नाहीत?”

“दोनदा गेलो. नावेत बसलो, पलीकडं उतरलो, आणि त्याच नावेनं परत आलो. नाववाला म्हणाला, काय मामा, हवा खायला आलता काय?”

मला हसू आलं आणि रडूही. मामांनाही आलं असावं, कारण त्यांची छाती हलली आणि पाना घरंगळून मातीत पडला. तो मी उचलला.

मी घरात कधी आवाज चढवून बोलले नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पण जे बोलले ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

“मामा, आत्तींना वाटतंय की त्यांच्याबरोबर यायला तुम्हाला नको वाटतं. काल जेवल्या नाहीत त्या त्यासाठी. ब्रेक सैल केलात तरी आता त्या ते खरं मानणार नाहीत. आणि त्यांनी मला विचारलं, तर मी सांगेन. दशमीला मी जे लपवलं त्याचं हे असं झालं. परत लपवणार नाही.”

“धमकी देतीस काय गं सासऱ्याला?”

“नाही. पाया पडते.”

अंगणातल्या जाईखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यावर ऊन यायला लागलं होतं. मला वाटलं आता ते उठतील आणि काही न बोलता आत जातील. त्यांनी हात पुढे केला.

“पाना दे. आणि आत बस.”

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

“ओढ. मोज.”

“एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात…”

“सोड.” खालून नट फिरल्याचा आवाज. “आता?”

“सहा.”

“आता?”

“पाच. पुढं हलत नाही.”

“सोड आणि परत ओढ. एकदाच झालं म्हणून सोडायचं नसतं.”

“पाचच, मामा.”

ते बाहेर आले, चाकाला हात लावून पाहिला, मग रॉकेलच्या फडक्याला हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, “आधी तिला सांगतो. तिच्याआधी सुनेला कळलं याचंही मला ऐकून घ्यावं लागणार. मग इराप्पाकडं जातो. आणि चतुर्दशीला अभिषेकाला बसायच्या आधी, जिथं हात ठेवून बोललो होतो तिथंच उभा राहून सगळ्यांसमोर काय खरं ते सांगतो. शब्द देतो.”

“मला नको. त्यांना द्या.”

“तिलाच देतो,” ते म्हणाले आणि आत गेले.

मी ओट्यावर उद्यापनाचे तांदूळ निवडायला घेतले. आतलं ऐकायचं नव्हतं, पण त्या घरात भिंती कसल्या, पडदाच एक. मामांचा आवाज मधूनमधून येई. सलग नाही. एकदा बराच वेळ आलाच नाही. आत्तींचा तर एकदाही नाही. मी तेच खडे परत परत शोधत होते.

मग आत्तींनी विचारलं, “तो बैल कुणाचा होता?”

“ऐनापूरच्या एका माणसाचा. शेठनी त्याला दुसरा घेऊन दिला.”

“आणि इराप्पाला कुणी विचारलं का, की त्याच्या घरात खायला काय होतं?”

“नाही.”

“त्याची बायको?”

“गेली म्हणतात. मागच्या साली.”

मामा म्हणाले, “तो कदाचित दारातनं हाकलून देईल.”

“देऊ दे.”

“आणि काय सांगावं, तूही मला…”

“माझं नंतर,” आत्ती म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, रागावलेला नाही आणि मऊही नाही. “इतकी वर्षं मला वाटायचं माझ्यात काही कमी आहे. त्याचं मी तुमच्याशी नंतर बोलेन. आयुष्यभर बोलेन. आज बस्तीचं आमचं आम्ही बघतो. गल्लीतल्या जिनपालची जीप वर जाते, तिच्यातनं जाऊ.”

भांड्याचा आवाज झाला. पेटीचं झाकण उघडल्याचा झाला.

“तो शर्ट काढा. पाठीला माती आहे. कुणाच्या दारात असं जातात का?”

थोड्या वेळानं मामा बाहेर आले. पांढरा स्वच्छ शर्ट, घडीची रेघ अजून दिसत असलेला, आणि टोपी. हात राखेनं घासून घासून लाल झाले होते, तरी नखांच्या कडेला काळं राहिलंच होतं. गाडीच्या किल्ल्या त्यांनी कोनाड्यात ठेवल्या.

“गाडी नाही नेत?” मी विचारलं.

“त्याच्या दारात गाडी घेऊन जाऊ?”

मागे उंबऱ्यात आत्ती येऊन उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आत्ती फक्त म्हणाल्या, “नावेत मधल्या फळीवर बसा. कडेला निसरडं असतं.”

मामांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरले. पहिली नाव आठला सुटे, आणि अजून साडेसातही झाले नव्हते. समोरच्या ओट्यावरच्या काकू म्हणाल्या, “काय भूपालअण्णा, आज चालत?” त्यांनी हात जोडून “जय जिनेंद्र” म्हटलं, थांबले नाहीत. गल्लीच्या टोकाला एक वाट बाजाराकडे जाते आणि एक नदीकडे. मी आणि आत्ती बघत उभ्या होतो. ते नदीच्या वाटेला लागले.